घोड्यालाही जाळी हवी

माकुणसारला दिवेलागण झाली की खाडीकडून, भातखाचरांकडून डास येतात. आपण मच्छरदाणीत शिरतो. पण खुंट्याला बांधलेल्या घोड्याचे काय?

दक्षिण आफ्रिकेत घोड्यांचा एक भयंकर आजार होता. ताप चढे, धाप लागे, नाकातून फेस येई आणि उमदे जनावर बघता बघता आडवे होई. रात्री उघड्यावर राहिलेला घोडा दगावतो, एवढे तिथल्या शेतकऱ्यांनी हेरले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस नाताळ प्रांतातील पशुवैद्य वॉटकिन्स-पिचफर्ड यांनी तबेल्याला बारीक जाळी लावून पाहिली. आतले घोडे वाचले! त्यांचा संशय डासांवर होता. रोग पसरवणारी चिलटे आहेत, हे डू टॉइट यांनी १९४४ साली दाखवले. म्हणजे चोर कोण हे कळण्याआधीच दाराला कडी लागली होती!

हाच रोग १९६० साली भारतात आला. पश्चिम आशियापासून इथवर त्या साथीत तीन लाखांवर घोडे, गाढवे, खेचरे मेली. टांगेवाल्याचा घोडा गेला म्हणजे घरची चूलच विझली. लसीमुळे साथ आटोक्यात आली. १९६३ नंतर हा रोग भारतात आढळला नाही.

तरी निर्धास्त राहू नका. भातखाचरांत वाढणारे डास घोड्यालाही जपानी मेंदूज्वर देऊ शकतात. वरातीची घोडी पाळणाऱ्यांनी तिला दिवस मावळण्याआधी आत घ्यावे, बारीक जाळी लावावी, साचलेले पाणी काढावे आणि ताप दिसताच पशुवैद्याला बोलवावे. गुरुजींनी हे मुलांना जरूर सांगावे. मुक्या जनावराला डास हाकलायला शेपटीच तेवढी. बाकीची राखण आपलीच!