आंब्याच्या पेट्यांचा हिशोब स्प्रेडशीटमध्ये कसा ठेवायचा?

रत्नागिरीत मार्च ते मे म्हणजे हापूसचा सीझन. काही पेट्या वाशी मार्केटला जातात, काही पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे. हिशोब मात्र थोडा वहीत, थोडा व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उरलेला डोक्यात! तो एका जागी कसा आणायचा ते या लेखात बघूया. गुगल शीट्स आणि एक्सेल, दोन्हींत पद्धत सारखीच आहे.

(फॉर्म्युले इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करा.)

१. आधी रकाने ठरवा

पहिल्या ओळीत मथळे लिहा: ए – तारीख, बी – गिऱ्हाईक, सी – पेटी किती डझनाची, डी – पेट्या, ई – दर, एफ – रक्कम, जी – जमा, एच – शेरा. एक व्यवहार म्हणजे एक ओळ. गिऱ्हाइकाने नंतर पैसे दिले तर त्याची नवीन ओळ टाका, फक्त जमा भरा. मध्ये रिकाम्या ओळी सोडू नका आणि सेल मर्ज करू नका. मथळ्याची ओळ फ्रीझ केली की खाली स्क्रोल करतानाही ती दिसत राहते.

२. गुणाकार आणि बेरीज

एफ२ मध्ये =डी२*ई२ लिहा आणि सेलच्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा. ३ पेट्या, दर २५०० असेल तर ७५०० आपोआप येतील. एकूण बेरीज डेटाच्या खाली न घेता बाजूला, म्हणजे के१ मध्ये घ्या: =सम(एफ२:एफ५००). नवीन ओळी वाढल्या तरी ती हलवावी लागत नाही.

३. कोणाकडे किती बाकी?

=समइफ(बी२:बी५००,"पुणे सोसायटी",एफ२:एफ५००) असं लिहिलं की त्या गिऱ्हाइकाची एकूण रक्कम येते. शेवटी एफच्या जागी जी टाकून जमा काढा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे बाकी. नाव मात्र प्रत्येक ओळीत अगदी तसंच हवं. एकदा ‘पुणे सोसायटी’ आणि एकदा ‘पुणे सोसा.’ लिहिलंत तर शीटसाठी ती दोन वेगळी गिऱ्हाइकं झाली.

४. बेरीज गुपचूप चुकते ती इथे

आमच्या घरच्या शीटमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाची ७५०० बाकी दिसत होती. बाबांनी फोन केला, तर ते म्हणाले, ‘मी तर त्याच दिवशी पाठवले.’ खरंच पाठवले होते. मीच जमाच्या रकान्यात ‘७५०० जीपे’ असं लिहिलं होतं. आकड्यासोबत शब्द आला की शीट त्याला मजकूर समजते आणि सम तो सोडून देतं. एररही दाखवत नाही. पैसे देऊन झालेल्या माणसाकडे परत पैसे मागायची वेळ आली.

म्हणून आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा. ‘जीपे’, ‘रोख’ हे शेऱ्यात. तपासायला सोपी युक्ती: =काउंट(जी२:जी५००) फक्त आकडे मोजतं, =काउंटए(जी२:जी५००) भरलेले सगळे सेल मोजतं. दोन्ही उत्तरं सारखी नसतील तर कुठेतरी मजकूर शिरलाय. फॉरमॅट बदललेला नसेल तर मजकूर सेलच्या डावीकडे आणि आकडा उजवीकडे चिकटतो, त्यावरूनही चूक सापडते.

५. फिल्टर लावताना

फिल्टर लावून फक्त ५ डझनाच्या पेट्या दाखवल्या तरी सम लपलेल्या ओळीही मोजतं. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल तर =सबटोटल(९,एफ२:एफ५००) वापरा. आणि सॉर्ट करताना ए ते एच सगळे रकाने सिलेक्ट करा. एकच रकाना सॉर्ट झाला तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाते. तसं झालंच तर लगेच अनडू करा.

सुरुवातीला आठवडाभर वही आणि शीट दोन्ही ठेवा. बेरजा जुळल्या की मग वही बंद करायला हरकत नाही.