राउस, फ्रान्सिस पेटन
राउस, फ्रान्सिस पेटन : (५ ऑक्टोबर १८७९ – १६ फेब्रुवारी १९७०). अमेरिकन विकृतिवैज्ञानिक. अर्बुदजनक व्हायरसांच्या शोधाबद्दल १९६६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले. मूळ शोध १९११ मधील होता.

राउस यांचा जन्म बॉल्टिमोर येथे झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यावर (१९०५) ते १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तेथे त्यांच्याकडे छातीवर गाठ असलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. ती गाठ सार्कोमाची (संयोजी ऊतकाच्या कर्करोगाची) होती. तिचे तुकडे त्याच वाणाच्या कोंबड्यांत रुजतात, हे राउस यांनी प्रथम दाखविले. नंतर गाठीचा अर्क त्यांनी एकही कोशिका पार होणार नाही अशा बारीक गाळणीतून गाळून टोचला. तरीही तशीच गाठ उद्भवली. कर्करोग संसर्गाने होत नाही, हे त्या काळी गृहीतच असल्याने ही गाठ खरा कर्करोग नव्हेच, असे आक्षेप आले. उंदरांत असा कारक सापडेना, तेव्हा राउस यांनीही हा विषय बाजूस ठेवला. पहिल्या महायुद्धकाळात सायट्रेट व ग्लुकोज वापरून रक्त टिकविण्याची जी पद्धत त्यांनी जे. आर. टर्नर यांच्यासमवेत शोधली, तेवढ्यानेही त्यांचे नाव राहिले असते. रिचर्ड शोप यांना सशांतील अर्बुदाचा व्हायरस आढळल्यावर (१९३३) ते पुन्हा कर्करोगाकडे वळले.

राउस व्हायरसाचे खरे महत्त्व पुढे उलगडले. सार्क हे त्याचे एकच जीन कोशिकेला कर्करोगी बनविते; व्हायरसाच्या स्वतःच्या वाढीस मात्र ते लागत नाही. मग ते आले कोठून? सॅन फ्रॅन्सिस्को येथे जे. मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस व त्यांचे सहकारी यांना १९७६ मध्ये त्याच्याशी जुळणारे डीएनए कोंबडी, बदक, टर्की यांसारख्या पक्ष्यांच्या निरोगी कोशिकांतच सापडले. जीन मूळचे कोशिकेचे. व्हायरसाने ते उचलले आणि त्या फेरफारात त्याच्या प्रथिनास आवर घालणारा शेवटचा भाग गळाला, असे निष्पन्न झाले. या संशोधनाबद्दल बिशप व व्हार्मस यांना १९८९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी मूत्राशयाच्या कर्करोगात तर व्हायरसाशिवाय, रास या जीनमधील एकाच घटकाच्या बदलाने तसाच परिणाम घडतो, हे १९८२ मध्ये दिसून आले.

कायिक कोशिकांतील उत्परिवर्तनांमुळे कर्करोग होतो, या सिद्धांतास राउस यांचा कडवा विरोध होता. नोबेल व्याख्यानातही त्यांनी तो मांडला. त्यांच्याच व्हायरसाने त्या सिद्धांतास भक्कम आधार दिला, हे पाहण्यास ते हयात नव्हते. न्यूयॉर्क येथे ते मरण पावले.