नांदेड-लातूरची दुसरी आवृत्ती

गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण तेवढे अस्सल आणि नंतरची सारी नक्कल, हा दंडक मुंबई-पुण्याच्या रसिकांनी घालून दिला. परंतु जो मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, जेथे बाजारात हाली शिक्का हे निजामी चलन चाले आणि परमुलखातून येणाऱ्या मालावर करोडगिरी ही जकात द्यावी लागे, त्या नांदेड-लातूरच्या बाजूस या दंडकाचा फारसा उपयोग होत नाही. मुंबईचा माल लातुरास येई तो कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून, आणि नांदेडास येई तो मनमाडहून गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्गाने. गाणेही असेच वळसे घेत आले आणि बहुधा दुसऱ्या आवृत्तीतच आले.

पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचा प्रारंभ झाला १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस. त्या समयी नांदेड हा हैदराबाद राज्यातील जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे छप्पन्न गीतांची ती मालिका संपून गेल्यावर. कवी ग. दि. माडगूळकरांच्या पदांना चाली देणारे सुधीर फडके रामाची पदे स्वतः गात, पण इतर पात्रांसाठी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे निरनिराळे कंठ योजलेले होते. पुढे एच.एम.व्ही.ने दहा दीर्घ ध्वनिमुद्रिकांचा संच काढला, त्यात कौसल्या, शबरी, फार काय शूर्पणखासुद्धा, एकट्या फडक्यांच्या आवाजात बोलू लागली. आणि घरोघर ‘गीतरामायण’ म्हणून रुजले ते हे पुनर्मुद्रण. माणिकबाईंची सीता त्यात हरपली, याची हळहळ मलाही वाटते. तथापि एकाच बुवाने क्षणात दशरथ आणि क्षणात कैकेयी व्हावे, ही ज्यांच्या कानांची जन्माची सवय, त्या कीर्तनवेड्या मराठवाड्याला या योजनेत वावगे असे काही दिसण्याचे कारण नव्हते.

कीर्तनाचा विषय निघाला की नांदेड जिल्ह्यातील गोरट्याचे नाव येतेच. पोलीस खात्यातील चाकरी सोडून कीर्तनास वाहून घेतलेले गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच दासगणू महाराज (१८६८–१९६२), यांची समाधी तेथे आहे. शिर्डीला पंढरीचे माहात्म्य देणारे त्यांचे पद आजवर इतक्या गायकांनी इतक्या कंपन्यांसाठी गायिले की त्याची मोजदाद करणे व्यर्थ; आणि गंमत अशी, की ज्याच्याशी ताडून पाहावे असे मूळ ध्वनिमुद्रण या पदाला नाहीच. ते देवळात आणि कीर्तनात सिद्ध झाले. तबकडी मागाहून आली.

कॅसेटने तर मुद्रण-पुनर्मुद्रणाचा कारभार थेट पेठेत आणला. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर यादी द्यावी आणि दुकानदाराने तबकडीवरून कोरी कॅसेट भरून द्यावी. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपे, म्हणून शेवटचे पद कित्येकदा अंतऱ्यातच तुटे, आणि ज्याने ते तसेच वर्षानुवर्षे ऐकले त्याला पुढे पूर्ण पद कानी पडले तर काही जादा घुसडल्यासारखे वाटे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात, नोटीस व मानधन देऊन, तेच गाणे दुसऱ्याकडून गाऊन घेण्याची मुभा होती. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजने तिचा मनमुराद लाभ उठवला: वेष्टनावर चित्रपटाचे नाव ठळक, नवख्या गायकाचे बारीक. २०१२ च्या दुरुस्तीने मूळ मुद्रणानंतर थांबण्याची मुदत पाच वर्षांची केली, शिवाय वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा चित्र वापरून गिऱ्हाइकास चकवण्यास बंदी घातली. लोकगायक प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते आणि विठ्ठलगीते मात्र आनंद शिंदे व आदर्श शिंदे या पुत्र-पौत्रांच्या मुखी आली, त्यांना नक्कल म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. त्या घराण्याचा तो वतनी हक्कच आहे.

सरकारी दप्तरात हिशेब निराळा चालतो. स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, असा नियम असल्याने दासगणूंची पदे २०२२ अखेर सर्वांची झाली. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, म्हणून गीतरामायणाचे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील, आणि फडके २००२ साली गेल्यामुळे त्यांच्या चालींना २०६२ संपेपर्यंत थांबावे लागेल.