काकांचा शब्द

आमच्या घरी वेडाला वेड म्हणत नसत. 'काकांची तब्येत' म्हणत. त्या तब्येतीपायी काकांची चोवीस वर्षे मनोरुग्णालयात गेली. शेवटच्या वर्षी मी भेटायला गेलो, तेव्हा पोटावर हात ठेवून ते म्हणाले, "आत निखारे आहेत रे." सोबतचा परिचारक हसला, "यांचे रोज काहीतरी असते." मीही हसलो. तीन महिन्यांनी काका गेले. पोटात गाठ होती.

माझ्या त्या हसण्याचे मूळ शोधता शोधता मी कायद्यांच्या इतिहासापाशी आलो. कंपनी सरकारच्या अखेरीस, १८५८ साली, वेड्यांविषयी तीन कायदे झाले. १९१२ च्या कायद्याने ते एकत्र केले आणि तो १९९३ पर्यंत चालला. वेड्याला आत कोणी घालावे, त्याची मालमत्ता कोणी सांभाळावी, याचा त्यात बारीक विचार आहे. खुद्द त्याला काय वाटते, हे मात्र विचारण्याजोगे कोणाला वाटले नाही. मग त्याचे दुखणे तरी कोण खरे मानणार? तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांतली बहुतेक शरीराच्या आजारांनीच जातात.

२०१७ च्या कायद्याने प्रथमच त्यांच्या शब्दाला किंमत दिली. मनाच्या आजारात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमता येतो. शरीराच्या आजारातही त्यांना इतरांच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे.

पण ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मरणासन्न अवस्थेतील उपचारांविषयी इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा ते करणारा 'सुदृढ मनाचा' असावा, अशी अट घातली. अट रास्त असेल. कोणी आजाऱ्याच्या हाताने भलतेच लिहवून घेऊ नये. तरी मनात येते, सुदृढपणा ठरवायचा कोणी? आजाराचे नाव वाचून, की माणसाजवळ बसून?

त्या दुपारी आम्हा तिघांत आपल्या शरीराविषयी खरे बोलणारे एकटे काकाच होते.