स्वतंत्र लेखकांच्या मराठी कथा मोबाईलवर कशा शोधायच्या, आणि आवडल्या तर काय करायचं?

मागच्या वर्षी आईने मला व्हॉट्सॲपवर एक कथा फॉरवर्ड केली. कथा भारी होती, पण शेवट अचानक आला आणि खाली लेखकाच्या नावाऐवजी "संकलित" असं लिहिलं होतं. मी त्यातलं एक वाक्य कॉपी करून गुगलवर टाकलं. दोन मिनिटांत मूळ कथा एका ब्लॉगवर सापडली. लेखिकेचं नाव होतं, तारीख होती आणि फॉरवर्डमध्ये गळालेले शेवटचे दोन परिच्छेदही होते. खरी कथा त्या दोन परिच्छेदांतच होती! त्या ब्लॉगवर त्या कथेखाली एकही कमेंट नव्हती.

म्हणजे कथा लोकांपर्यंत पोहोचली, पण लिहिणारी बाई पोहोचली नाही. हे टाळायचं कसं आणि अशा कथा स्वतःहून शोधायच्या कशा, तेच या लेखात बघूया.

स्वतंत्र लेखक म्हणजे कोण?

जो लेखक प्रकाशकाची वाट न बघता आपलं लेखन स्वतः प्रसिद्ध करतो, तो स्वतंत्र लेखक. संपादन, मुखपृष्ठ, किंमत, जाहिरात सगळं त्याच्याच डोक्यावर. हे लेखन कच्चंच असतं असं समजू नका. 'द मार्शियन' लिहिणारा अँडी वीअर हा मुळात सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याने ती कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली होती. त्याची 'द एग' ही छोटीशी कथाही २००९ मध्ये तशीच आली आणि वाचकांनीच तिची अनेक भाषांत भाषांतरं केली. ह्यू हाउई याने २०११ मध्ये 'वूल' ही एकच कथा किंडलवर ९९ सेंटला टाकली. वाचक पुढचा भाग मागायला लागले म्हणून त्याने आणखी भाग लिहिले. त्यावरूनच २०२३ मध्ये 'सायलो' ही मालिका आली.

दोन्ही ठिकाणी सुरुवात वाचकांनी केली, हे लक्षात ठेवा.

मराठी कथा कुठे मिळतात?

१. प्रतिलिपी: २०१४ मध्ये सुरू झालेलं हे भारतीय भाषांचं ॲप. कोणीही लिहू शकतं, त्यामुळे साठा प्रचंड. पण पहिल्या स्क्रीनवर बहुतेक लांबलचक कथामालिका दिसतात, कारण मालिका वाचणारा माणूस रोज परत येतो. एका बैठकीत संपणारी कथा हवी असेल तर थोडं खाली उतरून 'कथा' किंवा 'लघुकथा' हा विभाग शोधावा लागतो.

२. मराठी संकेतस्थळं: मायबोली १९९६ पासून, तर मिसळपाव २००७ पासून सुरू आहे. इथे कथेखालचे प्रतिसाद वाचणं हा वेगळाच आनंद. खडूस प्रतिसादही असतात, पण त्यातून कथा नीट वाचायची सवय लागते. ऑनलाइन दिवाळी अंकांवरही लक्ष ठेवा. १९०९ च्या 'मनोरंजन' पासून चालत आलेली दिवाळी अंकाची परंपरा आता मोबाईलवरही आली आहे.

३. ई साहित्य प्रतिष्ठान: मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये विनामूल्य मिळतात. नवोदितांचे कथासंग्रह बरेच आहेत.

४. किंडल: ॲमेझॉनच्या केडीपी सेवेतून लेखक स्वतः मराठी ई-बुक प्रसिद्ध करू शकतो. विकत घेण्याआधी 'सॅम्पल' फुकट डाउनलोड करता येतं.

५. ब्लॉग: सगळ्यात जास्त खजिना इथे दडलेला आहे, आणि सगळ्यात कमी वाचक इथेच फिरकतात.

शोधायची ट्रिक

- अवतरण चिन्हं वापरा. फॉरवर्डमधलं सहा-सात शब्दांचं वेगळं वाटणारं वाक्य दुहेरी अवतरण चिन्हांत टाकून शोधा. म्हणजे नेमकं तेच वाक्य असलेली पानं वर येतात.
- पहिल्या वाक्याने मिळालं नाही तर दुसरं घ्या. मराठीत 'ॲ' किंवा 'ऱ्य' ही अक्षरं युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतात. डोळ्यांना सारखीच दिसतात, पण आतले कोड वेगळे, म्हणून कधी कधी सर्चला जुळत नाहीत. अशी अक्षरं नसलेलं वाक्य निवडा.
- शब्द बदलून बघा. कथा, लघुकथा, गूढकथा, विज्ञानकथा, भयकथा. चार-पाच ओळींत संपणारी कथा हवी असेल तर 'अलक', म्हणजे अति लघु कथा.
- पीडीएफ सर्चमध्ये का येत नाही? जुन्या पीडीएफ बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यातली ओळ कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली, तर सर्च इंजिनलाही तेच दिसतं. अशा पानाचा स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्सने मजकूर वाचता येतो.
- आरएसएस लावा. ब्लॉग आवडला तर 'फीडर' सारख्या ॲपमध्ये त्याचा पत्ता टाका. नवीन कथा आली की तिथे दिसेल. मध्ये कुठलाही अल्गोरिदम नाही, आणि लेखकाने महिन्याने लिहिलं तरी चुकत नाही.

वाचताना एवढं करा

कथा ही रील नाही. सात-आठ मिनिटं लागतात, आणि मध्ये एक नोटिफिकेशन आलं की सगळा मूड जातो. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, ब्राउझरचा रीडिंग मोड चालू करा आणि अक्षर मोठं करा. मराठीतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं बारीक फॉन्टमध्ये डोळ्यांना त्रास देतात. पीडीएफचं पान मोबाईलच्या स्क्रीनप्रमाणे बदलत नाही, ईपबचं बदलतं. दोन्ही उपलब्ध असतील तर ईपब घ्या.

आणि आवडलेली कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा आपण 'पुढे काय' यासाठी धावतो. दुसऱ्यांदा शेवट माहीत असतो, त्यामुळे लेखकाने तो आधी कुठे पेरला होता ते दिसतं. एखादं पात्र गप्प का बसलं, सुरुवातीला पावसाचा उल्लेख का होता, हे तेव्हाच कळतं. दुसऱ्या वाचनातही कथा टिकली तर ती नक्कीच चांगली. शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका दिसल्या म्हणून लगेच सोडू नका. या लेखकांकडे मुद्रितशोधक नसतो. पण पहिल्या दोन पानांत काहीच घडलं नाही, एकही माणूस खरा वाटला नाही, तर खुशाल बंद करा. वेळ तुमचा आहे.

आवडली? मग हे करा

१. लिंक पाठवा, मजकूर नाही. कॉपी-पेस्ट झाली की नाव गळतं. लिंकमध्ये नाव, मूळ शेवट आणि लेखकाची बाकीची कथा सगळंच शाबूत राहतं.

२. नेमकी कमेंट लिहा. "छान" किंवा "पुलेशु" पेक्षा "आजोबा रेडिओ बंद करतात तो प्रसंग डोक्यातून जात नाही" असं लिहा. लेखकाला काय जमलं ते कळतं.

३. किंडल अनलिमिटेड असेल तर पूर्ण वाचा. या योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. पुस्तक नुसतं डाउनलोड करून ठेवलं तर त्याच्या हाती काहीच येत नाही.

४. परवडत असेल तर विकत घ्या. कित्येक ई-बुक्स एका वडापाव-चहाच्या आसपास मिळतात.

नेहमी पडणारे प्रश्न

ब्लॉगवरची कथा अचानक गायब का होते?
बऱ्याचदा लेखकाने ती किंडल अनलिमिटेडमध्ये टाकलेली असते. त्यासाठी ई-बुक ९० दिवस दुसरीकडे कुठेही उपलब्ध ठेवता येत नाही. म्हणून ब्लॉग आवडला की लेखकाचं नाव लिहून ठेवा.

नाव नसलेली कथा फॉरवर्ड केली तर काय बिघडतं?
नाव काढलं म्हणून कथा बेवारस होत नाही. भारताच्या कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखन लेखकाचंच असतं, आणि कलम ५७ नुसार "हे मी लिहिलंय" असं सांगण्याचा हक्क तर कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडे राहतो.

सेव्ह केलेल्या कथा कुठे ठेवायच्या?
एकाच सेवेवर विसंबू नका. 'पॉकेट' हे लोकप्रिय ॲप २०२५ मध्ये बंद झालं. आवडत्या कथांची यादी, म्हणजे नाव, लेखक आणि लिंक, साध्या नोट्समध्येही ठेवा.

शेवटी

त्या ब्लॉगवर मी कमेंट लिहिली आणि आईला मूळ लिंक पाठवली. आईने ती तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकली. आठवड्याभराने बघितलं तर कथेखाली पाच कमेंट होत्या, आणि लेखिकेने प्रत्येकीला उत्तर दिलं होतं. पुढच्या महिन्यात तिची नवी कथा माझ्या फीडरमध्ये आली. आधीची कथा दोन वर्षांपूर्वीची होती.

आज तुमच्या फोनमध्ये "संकलित" लिहिलेली एखादी कथा असेलच. एक वाक्य उचला, अवतरण चिन्हांत टाका आणि लेखक शोधा. सापडला तर त्याच्या कथेची लिंक खाली कमेंटमध्ये नक्की टाका!