दोन जुन्यांच्या मधे एक नवा

मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२ सालच्या १८ जानेवारीला सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि लालबाग-परळच्या खोल्यांतून कितीतरी जण कोकणात परतले. रोह्याजवळच्या आमच्या गावी आलेले एक गिरणी कामगार जाखडी शिकवीत. आम्ही त्यांना बुवा म्हणत असू. त्या पावसाळ्यात दर शनिवारी जेवणं आटोपली की ते पोरांना पडवीत गोळा करीत. पेणहून गणपतीची मूर्ती घरी येईपर्यंत ही तालीम चाले.

जाखडी म्हणजे आपला बाल्या नाच. मधे ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर बसतो. भोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. गण होतो, गवळण होते, मग शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब रंगतात. बघायला सोपं वाटतं. पण एकाचा पाय चुकला की मागचा अडखळतो.

बुवा पहिले दोन शनिवार ढोलकी काढूच देत नसत. नुसती टाळी. गुडघा किती वाकवायचा, अंगाचा भार कुठल्या पायावर घ्यायचा, एवढंच. चाळ तर फार उशिरा मिळत. नवा पोरगा नेहमी दोन जुन्यांच्या मधे उभा राही. "माझ्याकडे बघू नका, शेजाऱ्याचा पाय ऐका," असं ते म्हणत.

मी मोहल्ल्यातला. खांबाला टेकून बघत असे. एका शनिवारी बुवा म्हणाले, "काय रे, नुसताच बघतोस? ये आत." आणि मला दोन जुन्यांच्या मधे उभं केलं. अब्बांना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "शिकायचं तर नीट शीक. हसं करून घेऊ नकोस." तुरा-कलगीची दंतकथा चंदेरीच्या दरबारातले तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर या दोघांपासून सुरू होते, असं सांगतात. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्याहून उशिरा दुसरी एक हकीकत वाचनात आली, आणि बुवा आठवले. 'अलबेला' हा १९५१ चा चित्रपट. सी. रामचंद्रांचं संगीत, भगवानदादांचा नाच, आणि पडद्यावर चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद. त्या चालींत अमेरिकेतल्या स्विंग संगीताचा झोका आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२६ साली सॅव्हॉय नावाचं नृत्यगृह उघडलं. काळे-गोरे वेगळे ठेवण्याच्या त्या काळात तिथे दोघं एकाच फरशीवर नाचत. तिथेच 'लिंडी हॉप' हा स्विंग नाच बहरला. त्याची मूळ मोजणी आठची. आपल्या केरव्याच्या मात्राही आठच.

तिथला एक नामवंत नर्तक फ्रँकी मॅनिंग. स्विंगचे दिवस सरले तेव्हा त्याने टपाल खात्यात नोकरी धरली आणि सुमारे तीस वर्षं केली. १९८० च्या दशकात अमेरिकेतली आणि स्वीडनमधली तरुण मुलं त्याला शोधत आली. उतारवयात तो पुन्हा शिकवू लागला आणि २००९ मध्ये वारला तोवर शिकवत राहिला. आज गावोगाव स्विंगचे साप्ताहिक वर्ग भरतात, त्यामागे त्याचा मोठा हात आहे. या वर्गांतही शिकणारे गोल करून उभे राहतात आणि थोड्या थोड्या वेळाने जोडीदार बदलतात, म्हणजे नव्याला जुन्याचा हात मिळतो.

बुवांना शोधत कुणी आलं नाही. गिरणी पुन्हा त्यांच्या नशिबी आली नाही. मीही नाच्या झालो नाही, कविता लिहू लागलो; पण ओळ अडली की आजही टाळीवर म्हणून बघतो.

नाचाची चित्रफीत आता खिशातल्या फोनवर मिळते. ती पाऊल दाखवते, पण आपलं चुकलं तर अडखळत नाही. तुमच्या गावात एखादा म्हातारा नाच्या ओटीवर बसलेला असेल, तर त्याला एक शनिवार मागून बघा. आणि खांबाला टेकून कुणी उभा असेल, तर त्यालाही आत बोलवा.