निनवेच्या मैदानातील ख्रिस्ती विस्थापित आणि ख्रिस्तसभेचा प्रतिसाद

प्रस्तावना

इराकच्या उत्तर भागात तैग्रिस नदीकाठी मोसूल हे शहर आहे. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस पसरलेला सखल प्रदेश निनवेचे मैदान म्हणून ओळखला जातो. बायबलमधील योना संदेष्ट्याची कथा ज्या नगरीशी निगडित आहे तिचे अवशेष याच परिसरात आहेत. निनवेकरांच्या पश्चात्तापाचे स्मरण म्हणून सिरियाक परंपरेच्या ख्रिस्तसभा आजही तीन दिवसांचा उपवास पाळतात. येथील खाल्डियन, सिरियाक कॅथलिक, सिरियाक ऑर्थोडॉक्स आणि पूर्वेकडील असिरियन ख्रिस्तसभेच्या लोकांची उपासनेची भाषा आरामाईक कुळातील असून अनेक गावांत ती घरातही बोलली जाते. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे पर्शियात दीक्षित झालेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या पूर्वेकडील ख्रिस्तसभेशी ही नोंद जोडली जाते, तिचेच वारस निनवेच्या मैदानात राहत होते.

दहशतवादी हिंसेला या समाजाने व त्याच्या धर्माधिकाऱ्यांनी कोणता प्रतिसाद दिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रतिसाद एकसंध नव्हता. 'ख्रिस्ती धर्म क्षमा शिकवतो' या एका वाक्यात त्याची बोळवण करणे इतिहासाला धरून होणार नाही.

हिंसेची पार्श्वभूमी

या समाजाच्या स्मृतीत १९१५ मधील ऑटोमन राजवटीतील कत्तली आणि ऑगस्ट १९३३ मधील सिमेले येथील असिरियनांचे हत्याकांड आधीपासूनच होते. २००३ च्या अमेरिकी आक्रमणानंतर राज्यसंस्था कोसळली आणि जुन्या भयाला नवे रूप आले. १ ऑगस्ट २००४ रोजी बगदाद व मोसूल येथील चर्चवर एकाच दिवशी बॉम्बहल्ले झाले. रोममधील शिक्षण पूर्ण करून मोसूलला परतलेले तरुण धर्मगुरू रघीद गन्नी यांची ३ जून २००७ रोजी मिस्सा आटोपून निघताना तीन उपडीकनांसह हत्या झाली. २९ फेब्रुवारी २००८ रोजी मोसूलचे खाल्डियन आर्चबिशप पौलोस फरज राहो यांचे अपहरण झाले आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांचा मृतदेह सापडला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादमधील सिरियाक कॅथलिक चर्चमध्ये उपासना चालू असताना झालेल्या हल्ल्यात दोन धर्मगुरूंसह पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

२००३ पूर्वी इराकमधील ख्रिस्ती लोकसंख्या दहा ते पंधरा लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. 'इस्लामिक स्टेट'ने मोसूल घेतले त्या वेळी तिच्यातील फार मोठा भाग देश सोडून गेलेला होता. २०१४ ची घटना ही एका दशकाच्या ओहोटीचा शेवट होती, ही बाब पाश्चात्त्य वृत्तांकनात बहुधा निसटली.

जून ते ऑगस्ट २०१४

१० जून २०१४ रोजी मोसूल पडले. ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर अरबी 'नून' हे अक्षर रंगवण्यात आले. 'नसारा', म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे ते आद्याक्षर होय. जुलैच्या मध्यास धर्मांतर, जिझिया, शहरत्याग किंवा तलवार असे पर्याय जाहीर झाले आणि १९ जुलै ही अखेरची मुदत ठरली. निघालेल्यांजवळची रोकड, दागिने, कागदपत्रे तपासणी नाक्यांवर काढून घेतली गेली. त्याच आठवड्यात बगदादच्या एका खाल्डियन चर्चमध्ये मुस्लिम नागरिक ख्रिस्ती शेजाऱ्यांसोबत एकत्र आले व आपणही ख्रिस्ती आहोत असे फलक त्यांनी धरले. २४ जुलैला योना संदेष्ट्याच्या नावाने ओळखली जाणारी मशीद स्फोटाने उडवण्यात आली. मुस्लिमांच्या व ख्रिस्ती लोकांच्या समान श्रद्धेचे ते स्थान होते.

३ ऑगस्टला सिंजार येथे यझिदींवर आघात झाला. यझिदींची झालेली कत्तल आणि त्यांच्या स्त्रियांची गुलाम म्हणून झालेली विक्री पाहता, ख्रिस्ती समाजाला मिळालेली निघून जाण्याची 'सवलत' यझिदींना नव्हती, हा भेद विसरता येत नाही. ६ ऑगस्टच्या रात्री कुर्द पेशमर्गा दलाने माघार घेताच काराकोश हे सर्वांत मोठे ख्रिस्ती नगर रिकामे झाले. दुसरा दिवस, ७ ऑगस्ट, हा सिमेलेच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन होता.

अंकावा : आश्रयाची व्यवस्था

मोसूल व मैदानातून सुमारे १ लाख २० हजार ख्रिस्ती लोक कुर्दिस्तानात आले. एर्बिलचे अंकावा हे उपनगर त्यांचे मुख्य आश्रयस्थान ठरले. चर्चची आवारे, शाळा, अर्धवट बांधलेल्या इमारती माणसांनी भरून गेल्या. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार सीमा ओलांडल्याशिवाय कोणी 'निर्वासित' ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे लोक केवळ 'अंतर्गत विस्थापित' होते. या शब्दभेदाचे परिणाम व्यावहारिक होते. त्यांची जबाबदारी ज्या सरकारवर होती, ते सरकारच त्यांचे रक्षण करू शकले नव्हते. ही पोकळी धर्मप्रांताने भरून काढली. आर्चबिशप बशर वर्दा यांच्या प्रशासनाने कुटुंबांना तंबूंतून फिरत्या घरांत व पुढे भाड्याच्या घरांत हलवले, दवाखाने व शाळा चालवल्या. २०१५ मध्ये एर्बिल येथे कॅथलिक विद्यापीठ स्थापन झाले. विस्थापनाच्या ऐन काळात विद्यापीठ काढणे विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या मुलाचे शिक्षण थांबले तो बाप पहिल्या संधीस देश सोडतो, हे गणित त्यामागे होते.

डोमिनिकन धर्मगुरू नजीब मिखाएल यांचे कार्य वेगळ्या स्वरूपाचे आहे. जुनी हस्तलिखिते त्यांनी प्रथम मोसूलहून काराकोशला आणि २०१४ मध्ये ऐन पळापळीत एर्बिलला आणली. त्या संग्रहात केवळ ख्रिस्ती ग्रंथ नव्हते. २०१९ मध्ये तेच मोसूलचे खाल्डियन आर्चबिशप झाले.

थांबावे की जावे?

खरा संघर्ष ख्रिस्तसभेच्या अंतर्भागात झाला. २०१३ मध्ये निवडून आलेले खाल्डियन पॅट्रिआर्क लुई साको यांनी देशत्यागास सातत्याने विरोध केला. समाज विखुरला तर दोन हजार वर्षांची परंपरा मायभूमीत संपेल, ही त्यांची भूमिका होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये विनापरवानगी परदेशी गेलेल्या धर्मगुरूंना त्यांनी परतण्याचा आदेश दिला व न परतणाऱ्यांना निलंबित केले. त्यांपैकी अनेक जण अमेरिकेतील सॅन दिएगोच्या धर्मप्रांतात सेवा करीत होते आणि काहींनी बऱ्याच वर्षांपूर्वी इराक सोडले होते. तेथील बिशपांनी रोमकडे दाद मागितली.

पॅट्रिआर्कांचा युक्तिवाद इतिहासाच्या दृष्टीने सबळ आहे. तरी ज्याच्या शेजाऱ्यानेच घर लुटारूंना दाखवले, त्याला 'थांब' असे सांगण्याचा अधिकार धर्मपीठाला कितपत पोहोचतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. मेंढपाळाने कळपासोबत राहावे, ही अपेक्षा रास्त होय. कळपाने मात्र कुरणासाठी जीव द्यावा, असे त्यातून निष्पन्न होत नाही. जॉर्डन व लेबनॉनमध्ये पोहोचलेली कुटुंबे चर्चच्या सभागृहांत राहून, रोजगाराच्या अनुमतीविना, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडाच्या व्हिसाची वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. त्यांनाही आश्रय देणारी ख्रिस्तसभाच होती. एकीकडे ती थांबा म्हणत होती आणि दुसरीकडे निघालेल्यांना अन्न देत होती.

शस्त्राचा प्रश्न

काही असिरियन तरुणांनी २०१४ मध्ये स्वसंरक्षणार्थ सशस्त्र तुकडी उभारली. रयान अल-किल्दानी यांची 'बाबिलोन' ही संघटना शियाबहुल निमलष्करी आघाडीत सामील झाली. खाल्डियन पॅट्रिआर्केटने अशा गटांशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले व लढू इच्छिणाऱ्यांनी सरकारी सैन्यात किंवा पेशमर्गात जावे असा सल्ला दिला. ख्रिस्ती नावाने दल उभारल्यास सारा समाज लक्ष्य होईल, ही भीती त्यामागे होती. येथे निखळ अहिंसावाद आढळत नाही. शस्त्र राज्याच्या हाती असावे, धर्माच्या नव्हे, असा हा विवेक होता.

परतीनंतर

ऑक्टोबर २०१६ मध्ये काराकोश आणि जुलै २०१७ मध्ये मोसूल मुक्त झाले. घरे जळालेली, थडगी फोडलेली होती. मार्च २०१७ मध्ये तीन ख्रिस्तसभांनी एकत्र येऊन निनवे पुनर्बांधणी समिती स्थापन केली. शतकानुशतके वेगळ्या राहिलेल्या या सभांना एका कामासाठी एकत्र बसवणे हा संकटाचा अनपेक्षित परिणाम म्हटला पाहिजे. काराकोशची सुमारे निम्मी कुटुंबे परतली, मोसूल शहरात मात्र फारच थोडी. ७ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मोसूलमधील उद्ध्वस्त चर्चच्या चौकात प्रार्थना केली. आदल्या दिवशी त्यांनी नजफ येथे आयातुल्ला अली सिस्तानी यांची भेट घेतली होती.

शस्त्रधारी गटांचा प्रश्न विस्थापनासोबत संपला नाही. मैदानातील सत्ता व जमिनीवरून किल्दानी आणि साको यांच्यातील वैर वाढत गेले. जुलै २०२३ मध्ये इराकच्या राष्ट्राध्यक्षांनी साको यांना पॅट्रिआर्क म्हणून मान्यता देणारा अध्यादेश मागे घेतला. त्यानंतर, धर्मगुरूंना देश न सोडण्याचा आदेश देणारे साको स्वतः बगदाद सोडून कुर्दिस्तानात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये, पंतप्रधानांच्या निमंत्रणानंतर, परतले.